दोन फिरती घरे

गेल्या महिन्यात आमच्या परिचयाच्या एका दांपत्याने आपल्या प्रवासाची चित्रे पाहण्यास काही स्नेह्यांना घरी बोलाविले होते. हे दांपत्य इंग्लंडात स्थायिक असून वर्षाआड पुण्यास येते. या खेपेस त्यांनी सांगितलेली हकीकत खरोखरच ऐकण्याजोगी होती. १९६२ सालची, म्हणजे मालकाहून वयाने वडील अशी, एक लँड रोव्हर त्यांनी विकत घेतली व स्वतः खपून दुरुस्त केली. तिच्यामागे कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचे छोटेखानी घर, जोडले. आणि फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया व हंगेरी या मार्गाने थेट रुमानिया गाठून अडीच महिन्यांनी ते सुखरूप परतले. चित्रे संपल्यावर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी चार शब्द सांगितले. “आमची मुले चार भिंती सोडून आता खरी भटकी झाली!” असे ते म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांत आमच्याही टाळ्या होत्या. त्या टाळ्यांचाच आज आम्हांस समाचार घ्यावयाचा आहे.

प्रथमच सांगून टाकतो की, या दांपत्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. जुन्या लँड रोव्हरमधून घर ओढीत जाणे ही काही चैन नव्हे. ही गाडी १९४८ साली ॲम्स्टरडॅमच्या मोटार-प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली, तेव्हा युद्धाने इंग्लंडात पोलादाची टंचाई होती. म्हणून तिचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. ती शेतकऱ्यासाठी बनविली होती, प्रवाशाच्या सुखासाठी नव्हे. पावसाचे पाणी दारांतून आत येते, सुकाणूचक्र बरेचसे फिरवावे तेव्हा चाक थोडेसे वळते, आणि उतारावर मागचे घर पुढच्या गाडीला ढकलू लागले म्हणजे जुन्या ब्रेकांवर विसंबणाऱ्याचा जीव टांगणीस लागतो. परंतु याच गाडीतून बार्बरा टॉय ही बाई १९५०-५१ साली एकटी जिब्राल्टरहून बगदादेस गेली. आणि १९५५-५६ साली ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या सहा विद्यार्थ्यांनी अशा दोन गाड्या लंडनहून सिंगापूरपर्यंत नेल्या. संथ व वारंवार रुसणाऱ्या गाडीचा एक मोठा गुण असा की, ती माणसाला दुसऱ्याच्या दारात उभे करते. आमच्या दांपत्याला कार्पेथियन पर्वताच्या पायथ्याशी एका शेतकऱ्याने दोन दिवस अंगणात जागा दिली, ती गाडी मोडली म्हणूनच. विमानाने जाणाऱ्यास असे अंगण लाभत नाही.

तर मग आमची तक्रार कशाविषयी? तक्रार त्या ‘भटकी’ या शब्दाविषयी आहे. ज्याच्या खिशात पारपत्र, बँकेत पैसा व मागे कुलूप लावलेले घर आहे, तो चाकांवर राहू लागला म्हणजे आपण त्याला मुक्त म्हणतो. ज्याला चाकांवाचून दुसरे घरच नाही, त्याला मात्र उपद्रवी म्हणतो. घर तेच, रस्ता तोच. मग न्याय निराळा का?

कॅरव्हॅनचा इतिहासच पाहावा. हौसेच्या कॅरव्हॅनचा आरंभ सामान्यतः डॉ. गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल-शल्यवैद्यापासून मानतात. त्यांनी १८८५ साली ‘वाँडरर’ नावाची घरगाडी बांधवून घेतली. ती ओढण्यास दोन घोडे, हाकण्यास गाडीवान, आणि पुढे तीनचाकी सायकलीवरून रस्ता मोकळा आहे की नाही हे पाहण्यास एक सेवक, असा हा थाट होता. हे जिप्सींच्या घरगाडीचेच श्रीमंत रूप होय. १९०७ साली इंग्लंडात अशा हौशी मंडळींचा क्लबही निघाला. म्हणजे ज्यांच्यापासून ही राहणी उचलली ते रस्त्याच्या कडेला हाकलले जात होते, आणि उचलणारे क्लब काढीत होते!

आमचे दांपत्य ज्या मार्गाने गेले त्या मार्गावर या जिप्सींचे, म्हणजे स्वतःस रोमा म्हणविणाऱ्या लोकांचे, काय झाले हे चित्रे दाखविताना कोणी सांगितले नाही. म्हणून आम्ही सांगतो. फ्रान्समध्ये १९१२ च्या कायद्याने फिरत्या लोकांवर एक ओळखपुस्तिका लादली. तीत त्यांच्या शरीराची मापे व बोटांचे ठसे नोंदविलेले असत, आणि गावात येताना व गाव सोडताना तीवर शिक्का घ्यावा लागे. पुढे १९६९ साली तिच्या जागी निराळी कागदपत्रे आली. त्यांचा शेवटचा अवशेष २०१७ साली नाहीसा झाला. जर्मनीत नाझींनी या लोकांचा वंशच्छेद मांडला. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री ऑशवित्झ येथील त्यांच्या छावणीतील उरलेली हजारो माणसे, बायकामुलांसह, विषारी वायूने मारण्यात आली. हंगेरीत अठराव्या शतकातच मारिया तेरेसा राणीने त्यांना घोडे व गाड्या बाळगण्याची बंदी केली होती. आणि ज्या रुमानियात आमच्या मित्रांचे एवढे आतिथ्य झाले, त्या देशाच्या मोल्डेव्हिया व वालाकिया या प्रांतांत रोमा लोक १८५५-५६ पर्यंत गुलाम होते. त्यांची खरेदी-विक्री होत असे.

हे लोक आपल्याला अगदीच परके आहेत असेही नाही. त्यांची भाषा भारतीय आर्यकुळातील आहे. ते पाण्याला पाणीच म्हणतात, नाकाला नाक आणि कानाला कान. घराला त्यांच्यात ‘खेर’ म्हणतात, तो शब्द आपल्या ‘घरा’चा सख्खा भाऊ होय. रस्त्याला मात्र ‘द्रोम’ म्हणतात, आणि तो शब्द त्यांना वाटेत ग्रीकांकडून मिळाला. म्हणजे निघताना त्यांच्यापाशी घर होते. रस्ता त्यांच्या वाट्याला मागाहून आला.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल, तर त्याने आमच्या मित्रांच्या इंग्लंडाकडेच पाहावे. तेथे १९६८ च्या कायद्याने जिप्सींच्या घरगाड्यांसाठी जागा पुरविण्याचे कर्तव्य स्थानिक सत्तांवर टाकले होते. १९९४ साली ते काढून घेण्यात आले. पुढे २०२२ च्या कायद्याने, परवानगीवाचून दुसऱ्याच्या जमिनीवर गाडी उभी करून राहणारा मालकाने किंवा पोलिसांनी सांगूनही हलला नाही, आणि त्याच्यामुळे मोठे नुकसान वा त्रास होतो किंवा होण्याचा संभव आहे असे ठरले, तर तो फौजदारी गुन्हा केला. त्याची गाडी, म्हणजे त्याचे घरच, जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. या अधिकारांचा काही भाग मानवी हक्कांशी विसंगत आहे असा निर्णय उच्च न्यायालयास २०२४ साली द्यावा लागला.

यावर ठरलेले उत्तर असे की, हौशी प्रवासी स्वच्छ राहतात आणि हे लोक घाण करतात. हे उत्तर आम्हांस लबाडीचे वाटते. आमच्या दांपत्याने स्वतःच सांगितले की, त्यांच्या प्रत्येक मुक्कामावर पाण्याचा नळ, विजेची जोडणी, स्नानगृह व सांडपाणी ओतण्याची जागा होती, आणि त्यांनी त्याचे पैसे भरले. स्वच्छता ही त्या मुक्कामाची होती. माणसाच्या जातीची नव्हे. आधी नळ नाकारावयाचा आणि मग हात मळले म्हणून नाक मुरडावयाचे, हा कोठला न्याय? दुसरे उत्तर असे की, भटकणाऱ्यांत चोर असतात. असतील, घरे बांधून राहणाऱ्यांतही असतात. परंतु बंगल्यातील एकाने अपहार केला म्हणून सगळ्या पेठेची पोलिसांत हजेरी लागल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

आमच्या देशात मात्र अशी हजेरी लागत असे. इंग्रज सरकारच्या १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या, आणि सोलापुरास काटेरी तारांच्या आत त्यांची वसाहत वसविली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, परंतु आपल्या मनांतून गेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना, मुले पळविणारे समजून, जमावाने ठेचून मारले. त्यांचा अपराध एवढाच की ते अनोळखी होते आणि फिरत होते. अनोळखी आणि फिरते तर आमचे दांपत्यही रुमानियात होते!

आता स्वतःविषयी सांगणे प्राप्त आहे. आमच्या वसाहतीशेजारच्या मोकळ्या मैदानात दरसाल हिवाळ्यात दहा-बारा पाले पडतात. चित्रांच्या त्या समारंभापूर्वी आठच दिवस, ही पाले हलवावीत असा अर्ज आमच्या सोसायटीने अधिकाऱ्यांकडे धाडला होता. त्यावर आमची सही होती, आणि ‘खरी भटकी’ म्हणून टाळ्या घेणाऱ्या त्या गृहस्थांचीही होती. घरी परतताना आम्ही त्या मैदानावरूनच आलो. एका पालाशी एक बाई दुसऱ्याच्या इमारतीवरून मागून आणलेले पाणी घागरीत गाळीत होती. आमच्या मित्रांच्या फिरत्या घराचे वर्णन ऐकताना आम्ही पाण्याच्या टाकीविषयी तीन प्रश्न विचारले होते. येथे एकही विचारला नाही.

प्रवासाची हौस बंद करावी असे आमचे मुळीच म्हणणे नाही. जुन्या गाड्या चालोत, त्यांच्यामागे घरे जोडली जावोत, आमची मुले कार्पेथियनच्या पलीकडेही जावोत. परंतु रस्त्यावर राहण्याचे कौतुक करणाऱ्याने रस्त्यावर राहणाऱ्यास ओळखले पाहिजे. सुशिक्षित घरांनी एवढे तरी करावे: परदेशच्या कॅरव्हॅन-तळावर जे चार पदार्थ आपण गृहीत धरतो, म्हणजे मुक्कामाची जागा, नळ, शौचकूप व रात्रीचा दिवा, ते आपल्या गावच्या मैदानात पाल ठोकणाऱ्यांस मिळावेत असा अर्ज करावा, आणि त्यांची मुले मुक्कामापुरती का होईना जवळच्या शाळेत बसतील हे पाहावे.

आमची पहिल्या अर्जावरील सही आम्ही लेखी मागे घेतली आहे. दुसरा अर्ज तयार आहे. त्यावर आजवर तीन सह्या झाल्या असून, त्यांतील दोन त्या दांपत्याच्या आहेत. वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचार करण्यास अवधी मागितला आहे.