रोग गालाला, मग शेक मानेला का?

खर्ऱ्याची पुडी आपल्याकडे दिवस उजाडताच सुटते. बोरी अरब असो की दारव्हा, गालात तोबरा धरलेली माणसे चौकाचौकात दिसतात. त्यांतल्या एखाद्याला तोंडाचा कॅन्सर निघतो, ऑपरेशन होते आणि डॉक्टर सांगतात, मानेलाही शेक द्यायचा आहे. घरचे विचारतात, "रोग गालाला, मग शेक मानेला कशाला?" उत्तर मिळाले नाही की मनात शंका राहते आणि रुग्ण अर्ध्यातून गावी परततो. माझे स्पष्ट मत आहे, हे उत्तर समजून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे.

अर्धे उत्तर आपल्याला ठाऊकच आहे. पायाला काटा रुतून जखम चिघळली की जांघेत अवधान येते. तसेच गाल, जीभ, हिरडी यांतला लसिका नावाचा पातळ द्रव बारीक वाहिन्यांतून मानेतल्या ग्रंथींकडे जातो. कॅन्सरच्या पेशीही बहुधा त्याच वाटेने उतरतात. आधी हनुवटी-जबड्याखालच्या ग्रंथी, मग मानेतल्या मोठ्या शिरेलगत वरून खाली. डॉक्टरांनी या ग्रंथींचे भाग पाडून त्यांना क्रमांक दिले आहेत. सीटी स्कॅनवर हे भाग आखूनच शेक कुठे द्यायचा आणि कुठे टाळायचा हे ठरते. गालाचा रोग एकाच बाजूला असेल तर अनेकदा त्याच बाजूची मान पुरते. जिभेच्या मध्यापर्यंत गेला असेल तर दोन्ही बाजू घ्याव्या लागतात. दुसरी बाजू वगळता आली तर तिकडच्या लाळग्रंथी वाचतात, तोंड कमी कोरडे पडते.

"पण मानेत गाठ लागतच नाही!" असेही लोक म्हणतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१५ मध्ये सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष मांडले. मानेत गाठ लागत नसतानाही ज्यांच्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनात काढल्या, त्यांच्यात तीन वर्षांनी जगण्याचे प्रमाण ८० टक्के होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत ते ६७.५ टक्के. बोटाला न लागणारा रोगही ग्रंथीत दडलेला असू शकतो.

म्हणून शेक मध्येच सोडू नका. आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे नागपूर किंवा सेवाग्रामला राहायचे म्हणजे रोजी बुडते, हे खरे. पण खंड पडला की उरलेल्या पेशींना वाढायला वाव मिळतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार आहेत. रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा.

आणि डॉक्टरांना न बिचकता म्हणा, "साहेब, कागदावर काढून दाखवा." पाच मिनिटांचे ते चित्र रुग्णाला शेवटच्या दिवसापर्यंत टिकवू शकते. विहारात जमाल तेव्हा हेही एकमेकांना सांगा. खर्रा सोडायचे तर आजच सांगा.