आधी नावे लिहा, मग हार घाला!

जुन्नर तालुक्यातल्या आळेफाट्यावर पहाटे पाचला येऊन उभे राहा. कांद्याच्या ट्रकांच्या उजेडात रस्त्याच्या कडेने पोरे पळताना दिसतील. एकाच्या बुटाचा तळ सुटलेला, सुतळीने आवळलेला. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारले तर अग्निवीर भरतीत धावण्याचे पैकीच्या पैकी गुण. लागलाच, तर चार वर्षांनी चारांतल्या तिघांनी परत याच फाट्यावर उतरायचे! दोन एकर जिरायतीत तीन भावांचे भागत नाही, म्हणून पोरगा पळतो. देशभक्तीचे भाषण नंतर दुसराच कोणी ठोकतो.

माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा यशवंत घाडगे असाच खेड्यातून मराठा पलटणीत गेला, नाईक झाला. १० जुलै १९४४. इटलीत टायबरच्या खोऱ्यात मशिनगनने त्याची तुकडी आडवी केली. उरला हा एकटा. धावत जाऊन हातबॉम्बने त्याने ती मशिनगन गप्प केली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, तेव्हा टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपून मारले. मग दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीपाठीत घेऊन तिथेच पडला. वय २२! व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात पुतळा झाला, इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ साली त्याच्या नावाचे सूर्यघड्याळ उभे राहिले.

आणि पदक न मिळालेल्यांचे काय? पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात मेलेल्या गोऱ्या शिपायांची नावे बसऱ्याच्या स्मारकावर कोरली. आमच्या शिपायांचे पलटणीखाली नुसते आकडे. महिना ११ रुपयांच्या माणसाला नाव कशाला? जिवंतांचीही तीच गत: महारांची १११ वी पलटण १९१७ साली उभारली आणि गरज सरताच १९२१ साली मोडून टाकली. स्मारकांवरच्या नावांतल्या भेदभावाची जाहीर माफी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली मागितली. साहेबाला शंभर वर्षांनी का होईना, लाज वाटली.

आमची लाज कुठे चरायला गेली आहे? जवान गेला की चौकात फ्लेक्स लागतो. त्यात जवान तिकिटाएवढा, पुढारी परातीएवढे. तेरावा उरकला की तोच फ्लेक्स कुणाच्या तरी गोठ्यावर चढतो आणि जवानाची बायको एका दाखल्यासाठी हेलपाटे घालते. पणजोबा बसऱ्याला गेला की बर्म्याला, हे विचारले तर घरातल्यांना सांगता येत नाही. मग बसऱ्याच्या आकड्यांवर रागावण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला?

जुन्नर-आंबेगावच्या सरपंचांनो, नवे पुतळे नकोत. शाळेची एक भिंत घ्या, काळी रंगवा आणि गावातून लढाईवर गेलेल्या प्रत्येकाचे नाव पांढऱ्या अक्षरांत लिहा. शिपाई, खेचरवाला, स्वयंपाकी, झाडूवाला, सगळे एकाच रांगेत. आडनाव वाचून कुणाला खाली ढकलाल तर खबरदार! म्हाताऱ्यांना विचारा, पत्र्याच्या पेट्या उघडा, पदके निघतील, मनिऑर्डरीच्या पावत्या निघतील. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. आणि त्या सुतळीवाल्या पोराच्या बुटांची वर्गणी तेवढी आजच काढा, भरती तोंडावर आली आहे.