टाळेबंदी कुणाला होती?

कोरोनाच्या साथीत पर्यावरणवाल्यांनी गप्प बसायला हवे होते, असे म्हणणारे आजही भेटतात. माणसे मरत असताना झाडांचे काय घेऊन बसलात, हा त्यांचा सवाल. त्यामागचे दुःख खरे आहे. पण तेव्हा सगळेच थांबले होते, हे गृहीतक खोटे आहे.

देश घरात कोंडलेला असताना, ७ एप्रिल २०२० रोजी राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने व्हिडिओ बैठक घेतली. तीत गोव्यातल्या मोलेच्या अभयारण्यातून जाणारे कामही होते. त्याच महिन्यात पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा राजपत्रात आला. हरकतींना मुदत ६० दिवसांची. ग्रामसभा बंद आणि मसुदा फक्त इंग्रजी-हिंदीत! शेवटी दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा २२ भाषांत आणायला सांगितले. लाखो हरकती गेल्या. तो मसुदा अंतिम झालाच नाही. लोक गप्प बसले असते तर?

दुसरा आक्षेप असा, की मोबाइलवरची चळवळ ही चळवळच नव्हे. असे म्हणणाऱ्यांनी मोलेतल्या प्रकल्पांविरुद्धच्या ‘आमचे मोले’ या मोहिमेकडे पाहावे. मोर्चा काढता येत नव्हता, तेव्हा शास्त्रज्ञांनी प्रकल्पांचे अहवाल तपासून त्यांतल्या उणिवा उघड केल्या, चित्रकारांनी मोलेचे पशुपक्षी घरोघरच्या पडद्यावर नेले. सभेतले भाषण ऐकून माणूस घरी जातो. इथे तो घरातच होता आणि अहवालातले पान उघडून प्रश्न विचारत होता. मग १ नोव्हेंबरच्या रात्री गोव्यातल्याच चांदरला, मोलेतून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध हजारो लोक रुळांपाशी जमले. साथीत अशी गर्दी धोक्याची होती, हे मान्य. पण त्यांना तिथे यावे लागले, कारण काम थांबत नव्हते.

एक आक्षेप मात्र मी पूर्ण स्वीकारतो. रेंजसाठी टेकडीवर चढावे लागते, त्या पाड्यावरच्या बाईला ऑनलाइन जनसुनावणी म्हणजे बंद दार. म्हणून प्रचार मोबाइलवर चालेल, पण सुनावणी गावातच, लोकांच्या भाषेत व्हायला हवी. ते जमत नाही तोवर प्रकल्पानेच थांबावे.

९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच रेल्वेमार्गाच्या कॅसलरॉक–कुळे टप्प्याच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. नव्याने अभ्यास करून प्रस्ताव आणण्याची मुभा रेल्वेला आहे. तो येईल तेव्हा आधीचा अहवाल वाचलेली माणसे गोव्यात असतील.