वक्र चालीची वाट

चैत्र लागला की सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांतून सप्तशृंगगडाकडे पायी निघणाऱ्या मंडळ्यांची लगबग सुरू होते. ही माणसे बहुतेक जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून पोटासाठी तापीच्या या टोकाला आलेली. कापडाच्या कारखान्यांत बारा-बारा तासांची पाळी करणारी. खानदेश हे देवीचे माहेर, अशी त्यांची भावना आहे. त्यामुळे रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंतच्या यात्रेला जाणे हा त्यांना नवसापुरता व्यवहार वाटत नाही. माहेरच्या माणसांनी लेकीला भेटायला जावे तसे ते जातात. बडोद्याच्या वाचकांना पावागडाला पायी जाणारे लोक परिचयाचे आहेत. सुरतेहून सप्तशृंगगड मात्र दोनशे किलोमीटरांच्या वर पडतो आणि मध्ये साक्षात सह्याद्री उभा आहे.

तो ओलांडायचा कसा, हा या लेखाचा विषय. रुळलेला मार्ग चिखली, वांसदा, वघई असा सापुताऱ्याच्या घाटाने चढतो, हातगडापाशी महाराष्ट्रात शिरतो आणि पुढे गडाच्या पायथ्याला नांदुरीस पोहोचतो. मोठा रस्ता, जागोजागी चहाची दुकाने, मागून सामानाचा टेम्पो. दुसरी वाट व्यारा, आहवा, चिंचली अशी डांगच्या पोटातून जाते, बाभुळण्याच्या बाजूने बागलाणात चढते, आणि साल्हेरच्या पायथ्याने डोंगर ओलांडीत कनाशी, अभोणे करून नांदुरी गाठते. या वाटेवरही आता बराच भाग डांबरी झाला आहे. परंतु पदयात्रींची वर्दळ जवळजवळ नाही. ती लांब आहे, चढउताराची आहे, आणि तिला दोन दिवस अधिक लागतात. सुरतेत मी मुलांना गाणे शिकवतो. माझ्या शिष्यांच्या वडीलमंडळींबरोबर या दोन्ही मार्गांनी गडावर गेलो आहे. त्यावरून बनलेले मत प्रारंभीच सांगतो : ज्यांच्या पायांत बळ आहे अशा थोड्या मंडळ्यांनी तरी ही आडवाट चालती ठेवली पाहिजे. ती मोडली तर यात्रेचा केवळ एक मार्ग कमी होणार नाही. यात्रेतला ऐकण्याजोगा भागच निघून जाईल.

ही वाट म्हणजे कोणा हौशी माणसाचे खूळ नव्हे. सुरत आणि बागलाण यांमधली डोंगरातली ये-जा फार जुनी आहे. १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजीमहाराज दुसऱ्यांदा सुरतेवर आले, तेव्हा परतताना ते बागलाणातूनच गेले आणि पुढे वणी-दिंडोरीपाशी मोगलांशी लढाई झाली. गडाच्या पायऱ्या उमाबाई दाभाडे यांनी बांधवल्या असे परंपरा सांगते. त्यांचे माहेर याच वाटेवरचे अभोणे. दाभाडे सेनापतींच्या पदरी असलेल्या पिलाजीराव गायकवाडांनी आपले पहिले ठाणे सोनगडला केले. ते सोनगड आणि व्यारा पुढे बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात होती. तेव्हा बडोदेकरांनी या वाटेला परकी मानण्याचे कारण नाही. आपल्या राजघराण्याचा आरंभच तिच्या तोंडाशी झाला आहे.

आता मोठ्या रस्त्यावर काय घडते ते पाहा. मंडळीच्या पुढे किंवा मागे टेम्पो असतो आणि त्यावर डीजे. सकाळी निघाल्यापासून मुक्कामापर्यंत तो वाजत असतो. ट्रकांचे भोंगे, इंजिनांचा घोर आणि त्यावर मात करणारा हा आवाज. चालणारी माणसे मुकी असतात. ज्या बायकांना अहिराणीतली देवीची गाणी रात्रभर पुरतील इतकी पाठ आहेत, त्या तोंडाला पदर लावून धुरातून चालत असतात. कारखान्यात बारा तास मागांची खटखट ऐकलेल्या कानांना सात दिवसांची सुटी मिळते, आणि ते सात दिवसही आपण दुसऱ्या यंत्राच्या स्वाधीन करतो, हे मला फार शोचनीय वाटते.

आडवाटेवर डीजेवाला येत नाही. त्याला हा चढ आणि ही वस्ती परवडत नाही. मग आपोआप कोणीतरी बाई गाणे धरते. एकीने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, ही पद्धत चढणीवर किती शहाणपणाची आहे ते तिथेच कळते. एकजण गात असता बाकीच्या दम घेतात, आणि त्या उचलतात तेव्हा पहिलीला श्वास मिळतो. सपाटीवर जलद चाललेले गाणे चढ लागताच आपण होऊन संथ होते, ओळी तोडून म्हटल्या जातात, आणि माथ्यावर वारा लागला की पुन्हा लय वाढते. ही लय कोणी ठरवत नाही, पाय ठरवतात. गायनशाळेत दमसास शिकवायला मला वर्ष लागते. चिंचलीच्या पुढच्या चढाने तो दोन तासांत शिकवलेला मी पाहिला आहे. यंत्राला दम लागत नाही, म्हणून त्याच्या गाण्याला कुठे थांबावे हेही कळत नाही.

माझे वडील दरबारी गवई. मी त्यांचा उतारवयातला मुलगा; दरबार संपल्यावर जन्मलो, परंतु तालीम त्या शिस्तीची मिळाली. दरबारी कानडा शिकवताना ते उतरण्याच्या वाटेवर फार कडक असत. या रागात वरच्या षड्जावरून सरळ पायऱ्यांनी खाली येता येत नाही. धैवतावरून निषादाकडे वळून पंचमावर यायचे, गंधारावर आंदोलन घेत रेंगाळायचे, पुन्हा मध्यमाला स्पर्श करून ऋषभावर उतरायचे. स्वर तेच ठेवून कोणी सरळ उतरला तर तो षड्जावर लवकर पोहोचतो खरा, पण दरबारी नाहीसा होऊन आसावरी-जौनपुरीचे अंग दिसू लागते. रागाचे रूप चालीत असते. चाल सरळ केली की मुक्कामाचा स्वर तोच राहूनही राग दुसरा होतो. यात्रेचेही तसेच आहे असे माझे म्हणणे आहे. दोन्ही वाटांच्या शेवटी देवी एकच. परंतु तिच्यापुढे उभा राहणारा माणूस एक नसतो.

दुसरी गोष्ट वाटेवरच्या लोकांची. संस्थाने गेली, दरबार गेले, तनखे १९७१ मध्ये बंद झाले. तरीही डांगमधल्या पाच भिल्ल राजांना आजही होळीपूर्वी आहव्याच्या दरबारात समारंभाने सालियाना मिळतो. गवयाच्या मुलाला या गोष्टीचे अप्रूप वाटावे यात नवल नाही. पण खरे अप्रूप तिथल्या वाद्यांचे. काशाच्या थाळीत मेणाने एक काडी उभी बसवतात आणि ती बोटांनी वरून खाली ओढीत राहतात. त्यातून जो अखंड गुंजणारा सूर निघतो, त्यावर रात्र-रात्र कथा सांगितली जाते. तंबोऱ्याचे काम इतक्या थोड्या साहित्यात करणारी दुसरी युक्ती माझ्या पाहण्यात नाही. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो, तेव्हा दुधी भोपळ्याची आणि बांबूची पावरी वाजते. चैत्रात ती कानी पडेल असे नाही. परंतु त्या दिवसांत मुखवट्यांच्या भवाड्याचा हंगाम असतो, आणि रात्रीच्या मुक्कामावर दूरच्या पाड्यातून सांबळ ऐकू येतो.

१ मे १९६० रोजी डांग गुजरातेत गेला आणि पलीकडचे सुरगाणे, कळवण, बागलाण महाराष्ट्रात राहिले. मात्र कोकणा माणसाची बोली, देव आणि सोयरीक त्या रेषेपाशी थांबली नाही. मोठ्या रस्त्यावर ही सीमा नाक्याच्या रूपाने भेटते. आडवाटेने गेलात तर ती कधी ओलांडली हे कळतही नाही. नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ अलीकडे तीच आणि पलीकडेही तीच. सुरतेच्या कारखान्यातला खानदेशी मजूर आणि डांगातला ऊसतोडीला जाणारा कोकणा यांची ओळख एरवी कुठे व्हायची? दोघेही घर सोडून राबणारे. एका अंगणात, एका चुलीच्या उजेडात दोघांनी आपापल्या देवीची गाणी म्हटलेली मी ऐकली आहेत.

आता आक्षेप. पहिला, म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी काय करावे? त्यांनी खुशाल मोठ्या रस्त्याने, नाहीतर बसने जावे. गडावर २०१८ पासून ट्रॉलीही चालते. त्यात पुण्य उणे होत नाही, आणि आडवाटेने गेल्याने ते वाढतही नाही. कष्टाची मिरवणूक काढणारा पदयात्री मला टेम्पोवाल्याइतकाच नकोसा वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा. दोन दिवस जास्त म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. ज्याचे पोट रोजावर आहे, त्याला संस्कृतीच्या गोष्टी सांगणे सोपे असते. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच सर्वांनी या वाटेने जावे असे मी म्हणत नाही. परंतु डीजे आणि टेम्पो यांच्या भाड्यासाठी मंडळ्या वर्गणी काढतातच. तीच वर्गणी चार-पाच गरजू गाणाऱ्या बायाबापड्यांची बुडालेली मजुरी भरून देण्याकडे वळवली, तर हिशेब अगदीच जमणार नाही असे नाही. पूर्वी संस्थाने गवय्याला पोसत. आता मंडळ्यांनी आपली गाणारी माणसे पोसायला काय हरकत आहे?

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. चैत्रात सागाची पाने झडलेली असतात, जंगलात सावली नसते, पावसाळ्यात धो-धो वाहणारे ओढे कोरडे पडतात. बिबट्याचा वावर आहे. हे सर्व खरे. पण मोठा रस्ता तरी निर्धोक आहे काय? २००८ च्या जानेवारीत गडाच्या घाटात यात्रेकरूंची बस दरीत पडून चाळीसहून अधिक माणसे गेली. २ फेब्रुवारी २०२५ रोजी सापुताऱ्याच्या घाटात यात्रेकरूंच्याच बसला तसाच अपघात झाला. पहाटेच्या अंधारात भरधाव ट्रकांच्या कडेने चालणाऱ्यांचा जीव तर रोजच टांगणीला असतो. आडवाटेचा धोका चालणाऱ्याला दिसतो आणि त्याची तयारी करता येते. पाठीमागून येणाऱ्या ट्रकाची काय तयारी करणार?

माझी खरी चिंता वेगळीच आहे. उद्या ही वाट लोकप्रिय झाली तर? ज्या पाड्यात चैत्रात पाण्यासाठी बायका पहाटे विहिरीवर बसतात, तिथे पाचशे यात्रेकरू उतरले तर ते गाव आटेल. साल्हेरचा किल्ला जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्यामुळे त्या बाजूला वाहने आणि हॉटेले वाढण्याचा संभव आहेच. म्हणून रस्ता रुंद करा, कमानी उभारा, अनुदाने द्या, असली मागणी मी करीत नाही. उलट, मंडळी वीस-पंचवीस माणसांपुरतीच असावी. दोन मंडळ्यांत एका दिवसाचे अंतर असावे. मुक्कामाच्या गावाला आधी कळवून, तिथल्या शिध्याचे आणि पाण्याच्या टँकरचे पैसे आगाऊ द्यावेत. वनखात्याला वर्दी द्यावी. प्लास्टिकच्या पत्रावळी नेऊ नयेत. आणि ध्वनिवर्धक कोणत्याही निमित्ताने नसावा. पंचायतींनी टाक्या भरून ठेवल्या आणि फाट्यांवर दगडांना शेंदरी खूण केली, तर सरकारकडून याहून अधिक काही नको.

मोठ्या रस्त्याच्या मंडळ्यांनाही एक विनंती. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे. त्याची वाट न पाहता दिवसातून निदान सकाळचे दोन तास यंत्र बंद ठेवा आणि बायकांना गाऊ द्या. गाणी अजून जिवंत आहेत. आणखी वीस वर्षे ती चालताना म्हटली गेली नाहीत, तर नंतर ती ध्वनिमुद्रिकेत सापडतील; मात्र कोणत्या ओळीवर श्वास घ्यायचा हे सांगायला कोणी उरणार नाही.

गडाच्या समोर मार्कंडेयाचा डोंगर आहे. तिथे बसून मार्कंडेय ऋषी देवीचे माहात्म्य म्हणत आणि ते ऐकण्यासाठी देवीने मान किंचित कलती केली, अशी कथा आहे. देवळातली मूर्ती तशीच आहे. शस्त्रे घेतलेले अठरा हात असूनही तिची ओळख ऐकणारी म्हणून व्हावी, याचा आपल्या गायनशाळांनी आणि मंडळ्यांनी विचार करावा. दरसाल दरेगावचे गवळी घराणे ज्या कड्यावरून रात्री चढून शिखरावर ध्वज लावते, ती वाट इतरांसाठी नाही आणि नसावीही. परंतु डांग-बागलाणाची वाट सर्वांची आहे. येत्या चैत्रात सुरतेतून शंभर मंडळ्या निघाल्या आणि त्यांतल्या पाच जरी आहव्याकडे वळल्या, तरी ती मोडणार नाही. तेवढ्या पाच मंडळ्या जमवण्याचे काम सुरतेतल्या गाणे शिकवणाऱ्या आम्हा लोकांचे आहे, असे मी समजतो.