गणिताच्या पेपरात आकडेमोड का अडते?

पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका हाती पडल्या की दहावीच्या घरांत एकच निष्कर्ष निघतो : 'पोराचं गणित कच्चं आहे.' उपायही ठरलेला असतो. आणखी एक शिकवणी, आणखी एक प्रश्नसंच. पण तीच उत्तरपत्रिका शांतपणे, ओळीओळीने वाचली तर बरेचदा वेगळे चित्र दिसते. सूत्र बरोबर लिहिलेले असते, किमतीही नीट ठेवलेल्या असतात आणि त्याच्या पुढच्या ओळीत सात आठे चोपन्न झालेले असतात.

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत बीजगणित आणि भूमिती असे प्रत्येकी 40 गुणांचे दोन पेपर असतात, प्रत्येकी दोन तासांचे. कॅल्क्युलेटर वापरता येत नाही. त्यामुळे वर्गसमीकरण असो, अंकगणिती श्रेढी असो, अर्थनियोजनातील कर असो किंवा महत्त्वमापनातील घनफळ, शेवटी गाठ पडते ती बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, अपूर्णांक आणि चिन्हे यांच्याशीच.

एक साधे उदाहरण घेऊ. 2x² − 7x − 15 = 0 हे समीकरण सूत्राने सोडवायचे आहे. विवेचक म्हणजे b² − 4ac. येथे तो 49 + 120, म्हणजे 169 येतो. त्याचे वर्गमूळ 13 आणि उत्तरे 5 व −3/2. पण c ची किंमत −15 आहे हे चिन्ह एका ओळीत निसटले, तर 49 − 120 होऊन −71 येतात आणि मूल लिहिते, 'समीकरणाची मुळे वास्तव नाहीत.' वर्गसमीकरण त्याला समजले आहे. सूत्र पाठ आहे. ऋण संख्यांचा गुणाकार मात्र हाताला बसलेला नाही. अशा मुलाला वर्गसमीकरणाचा धडा पुन्हा पहिल्यापासून शिकवून काय उपयोग?

असे का होते, याचे उत्तर मेंदूच्या कामाच्या पद्धतीत आहे. एखादी गोष्ट काही क्षण मनात धरून तिच्यावर काम करण्याची आपली क्षमता फार तोकडी असते. तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. एका वेळी साधारण चार गोष्टी तिथे टिकतात, पाचवी आली की एखादी निसटते. उदाहरण सोडवताना सूत्र, ठेवलेल्या किमती, चिन्ह आणि पुढची पायरी एवढ्यानेच ही जागा भरते. त्यात 'सात आठे किती' हेही बोटांवर मोजावे लागले, तर आधीचे काहीतरी गळणारच. बहुतेक वेळा गळते ते चिन्ह. घरचे याला 'निष्काळजीपणा' म्हणतात. खरे तर ते गर्दीत हरवलेले असते.

पाढा पाठ असला की ही गर्दी कमी होते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 7 ते 9 वर्षांच्या मुलांचे मेंदूचे स्कॅन सुमारे वर्षभराच्या अंतराने दोनदा केले. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले, की मुले मोजण्याकडून आठवण्याकडे वळतात तसे स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागाचे काम वाढते आणि विचारपूर्वक प्रयत्न करणाऱ्या पुढच्या भागांवरचा भार उतरतो. पुढचा भाग मोकळा झाला, तर तो उदाहरणाकडे लक्ष देऊ शकतो. आपल्याकडे पूर्वी नुसते पाढेच नव्हे, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकीही पाठ करून घेत. आजच्या दहावीच्या मुलाला अपूर्णांकांशी झगडताना पाहिले, की त्या पाठांतराने बाजारातल्या माणसाचे किती ओझे हलके केले असेल, हे लक्षात येते.

मात्र पाठांतर म्हणजेच गणित, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास 2025 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले गुंतागुंतीचे हिशेब तोंडी, झटपट आणि अचूक करत होती. कागदावर शाळेच्या पद्धतीने मांडलेली तशीच, किंबहुना सोपी, गणिते त्यांना जड गेली. उलट शाळेत जाणारी पण बाजारात काम न करणारी मुले कागदावर सरस ठरली आणि बाजारातल्या हिशेबात मागे पडली. एका ठिकाणी कमावलेले कौशल्य दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही, हा त्याचा धडा. म्हणून परीक्षेत जे करायचे आहे, त्याचा सराव त्याच रूपात हवा : कागदावर, पायऱ्या मांडून, कॅल्क्युलेटरशिवाय.

हा प्रश्न काही मोजक्या मुलांपुरता नाही. ग्रामीण भारतातील 'असर' 2024 च्या पाहणीत आठवीतील 45.8 टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले भागाकार न येता दहावीपासून दोन वर्षांवर पोहोचली होती. दुसरीकडे, महाराष्ट्रात 2025 च्या दहावीचा निकाल 94.10 टक्के लागला. पहिला आकडा देशाच्या ग्रामीण भागाचा आहे आणि दुसरा राज्याचा, त्यामुळे दोन्हींची सरळ तुलना करता येणार नाही. तरीही उत्तीर्ण होणे आणि आकडेमोड येणे या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढे त्यावरून कळते. 2024 मध्ये राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने, गणित किंवा विज्ञानात 35 पेक्षा कमी पण किमान 20 गुण मिळालेल्यांना, पुढे हे विषय घेता येणार नाहीत अशा शेऱ्यासह पुढे जाऊ देण्याचा पर्याय चर्चेत आला. नापास या शिक्क्याने खचणाऱ्या मुलांसाठी त्यामागची सहानुभूती समजण्यासारखी आहे. पण आठवीत हुकलेला भागाकार शेरा देऊन भरून निघत नाही.

'जग कॅल्क्युलेटरकडे चालले आहे, मग हा अट्टहास कशाला?' असाही प्रश्न विचारला जातो. अमेरिकेतील सॅट ही परीक्षा 2024 पासून तिथेही पूर्णपणे संगणकावर घेतली जाते आणि गणिताच्या संपूर्ण भागात कॅल्क्युलेटर वापरता येतो, हे खरे आहे. पण आपल्या मुलांपुढे दहावीनंतर एमएचटी-सीईटी, जेईई आणि नीट असतात आणि तिथे कॅल्क्युलेटर नाही. शिवाय यंत्राने दिलेले उत्तर दहापट चुकले आहे, हे ओळखायलाही डोक्यात अंदाज असावा लागतो. औषधाच्या मात्रेतला एक दशांश चिन्हाचा फरक काय करू शकतो, हे रुग्णालयातल्या कोणत्याही परिचारिकेला विचारावे.

मग सराव कसा करावा? आधी निदान, मग उपचार. शेवटच्या दोन-तीन सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका घेऊन प्रत्येक चूक कोणत्या प्रकारची, हे समोर लिहावे : पाढा, चिन्ह, अपूर्णांक, दशांश की प्रश्न नीट वाचला नाही. बहुतेक मुलांच्या चुका दोन-तीन प्रकारांतच साचलेल्या आढळतील. त्यांच्यावर रोज 10 ते 15 मिनिटे द्यावीत. रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोजचा थोडा सराव अधिक टिकतो. उत्तरे नुसती वाचू नयेत, कागद झाकून आठवावीत. आठवण्याचा प्रयत्न हाच स्मृतीचा व्यायाम असतो. एकाच प्रकारची वीस उदाहरणे ओळीने सोडवण्याऐवजी प्रकार मिसळावेत. डग रोरर यांच्या शाळांतील प्रयोगांत अशा मिश्र सरावाने नंतरच्या चाचणीत अधिक चांगले गुण मिळाले. सुरुवातीला तो अवघड वाटतो, कारण प्रत्येक वेळी कोणती पद्धत लावायची हे ठरवावे लागते. परीक्षेतही नेमके तेच करायचे असते.

घड्याळ मात्र शेवटी आणावे. अचूकता बसण्याआधी वेळ लावली, तर सराव चुकांचाच होतो आणि भीती वाढते. ही भीती कार्यकारी स्मृतीतली जागा खाते. शिकागो विद्यापीठातील 2012 च्या एका अभ्यासात गणिताची धास्ती असलेल्यांच्या मेंदूत वेदनेशी संबंधित भाग गणित सोडवताना नव्हे, तर ते येणार या कल्पनेने अधिक सक्रिय झाला. म्हणजे सोडवायला बसण्याआधीचा काळ सर्वांत वाईट. म्हणून सरावाची सुरुवात हमखास येणाऱ्या दोन उदाहरणांनी करावी. परीक्षेच्या काळात पोटदुखी, डोकेदुखी, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन मुले ओपीडीत येतात. त्यांना 'नाटक' म्हणून हिणवू नये. या वयात 8 ते 10 तास झोप लागते आणि दिवसा केलेला सराव पक्का व्हायलाही झोपच लागते. रात्र जागून केलेली उजळणी यासाठीच तोट्याची ठरते.

मनापासून सराव करूनही काही मुलांना संख्यांचा मेळच लागत नाही. साधारण 3 ते 7 टक्के मुलांत गणनदोष, म्हणजे डिस्कॅल्क्युलिया असतो. तो आळस नाही आणि मंदबुद्धीही नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. अधिकृत सरकारी किंवा पालिका रुग्णालयातून तपासणी करून प्रमाणपत्र मिळाले, तर परीक्षेत जादा वेळ, कॅल्क्युलेटर अशा सवलती मिळू शकतात. ही तपासणी पेपरच्या आदल्या महिन्यात होत नाही. शंका असेल तर आठवी-नववीतच दाखवावे.

बाकीच्या मुलांसाठी उपाय स्वस्त आहे. त्याला नवी शिकवणी लागत नाही, एक वही आणि रोजची पंधरा मिनिटे लागतात. आणि चुकीच्या उत्तरापाशी थांबून 'नेमकी कुठे चूक झाली?' असे न रागावता विचारणारे घरातले एक माणूस लागते.