हाताची ओळख आणि पडद्याची नवी मांडणी

सुधारणा हा शब्द कानास गोड लागतो. परंतु सुधारणा कोणाची, कोणासाठीं आणि कोणाच्या पदरच्या खर्चानें, हें विचारल्यावांचून तिचें खरें मोल ठरत नाहीं. हे प्रश्न आम्ही येथें एका अगदीं लहान दिसणाऱ्या गोष्टीस लावून पाहणार आहों. मोबाइलच्या पडद्यावर वरून खालीं बोट ओढलें म्हणजे बटणांचा एक फलक उतरतो. टॉर्च, इंटरनेट, ब्लूटूथ, विमान मोड इत्यादि सोयी त्यावर हारीनें मांडलेल्या असतात, आणि गाणें चालूं असल्यास तें थांबविण्याचें व पुढचें लावण्याचें बटणही तेथेंच सांपडतें. या फलकाची मांडणी मोबाइलचे कर्ते वारंवार बदलीत असतात. रात्रीं अपडेट होतो, आणि स्वयंपाकघरांतील ओळखीचीं भांडीं कोणीं दुसऱ्याच फळीवर मांडून ठेवावीं तसा प्रकार सकाळीं दिसतो. हे बदल इष्ट कीं अनिष्ट, यावर विद्यार्थ्यांत दोन तट पडलेले आम्ही ऐकितों. म्हणून या विषयाचा विचार या पानांत करणें आम्हांस अप्रस्तुत वाटत नाहीं.

प्रथम या फलकाचा थोडक्यांत इतिहास पाहूं. अँड्रॉइडमध्यें तो २०१२ सालीं ४.२ या आवृत्तीबरोबर आला. ॲपलनें आयफोनवर तशी सोय २०१३ सालीं दिली. २०१६ सालच्या अँड्रॉइड ७ नें फलकावरील बटणें आपल्या सोयीप्रमाणें लावण्याची मुभा दिली, ही गोष्ट आमच्या मतें सर्वांत हितकर झाली. २०२० सालच्या अँड्रॉइड ११ नें संगीताचीं बटणें सूचनांच्या गर्दींतून काढून या फलकाशीं आणून बसविलीं. २०२१ सालच्या अँड्रॉइड १२ नें बटणें मोठीं केलीं. त्यामुळें पहिल्या ओढीस जेथें सहा बटणें दिसत तेथें चारच दिसूं लागलीं, आणि वायफाय व मोबाइल डेटा हीं दोन निराळीं बटणें ‘इंटरनेट’ या एकाच पाटीखालीं गेलीं. २०२२ सालच्या अँड्रॉइड १३ नें गाणें थांबविण्याचें बटण मोठें करून उजवीकडे नेलें. निरनिराळ्या कंपन्या यावर आपापले आणखी फेरफार करितात तें वेगळेंच.

बदलाच्या बाजूनें बोलणाऱ्यांचें म्हणणें अगदींच पोकळ आहे असें नाहीं. मोठें बटण थरथरत्या बोटास सांपडतें, आणि दृष्टि मंद झालेल्यास दिसतें. बटणावर नांव लिहिलेलें असलें म्हणजे नुसत्या चित्राचा अर्थ लावीत बसावें लागत नाहीं. वायफाय व डेटा एकत्र करण्यांतही कर्त्यांचा कांहीं हेतु होता. वायफायची जोडणी दुबळी झाली म्हणजे लोक तें बंद करीत, पुन्हां चालूं करण्यास विसरत, आणि मग नकळत डेटा खर्च होई; हें टळावें अशी त्यांची इच्छा होती. जुन्यास केवळ जुनें म्हणून कवटाळून बसणाऱ्यांच्या पक्षांत आम्ही नाहीं. खडूफळा गेला म्हणून विद्या गेली असें आम्ही मानीत नाहीं.

परंतु हातालाही एक स्मरणशक्ति असते, तिचा हिशेब या सुधारणांत कोणीं धरिला आहे? मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्याचें नांव मिशन शाळेच्या वाचकांस नवें नसावें. तेथें लहान वयांत कामास लागलेल्या जावजी दादाजी यांनीं पुढें निर्णयसागर छापखाना काढून देवनागरी छपाईस सुबकपणा आणिला. अशा छापखान्यांतील कसलेला जुळारी खिळ्यांच्या खणांकडे न पाहतां खिळे उचलीत असे. डोळे हस्तलिखितावर आणि हात खणांत. एका रात्रींत कोणीं ते खण हालविले असते, तर त्या जुळाऱ्याचें अनेक वर्षांचें ज्ञान त्याच्या बोटांतून काढून घेतल्यासारखें झालें असतें. मात्र तेथें एक भेद होता. काम खोळंबलें असतें तर नुकसान छापखान्याच्या मालकासच सोसावें लागलें असतें, म्हणून तो खणांस हात लावण्यापूर्वीं दहा वेळां विचार करी. मोबाइलच्या बाबतींत खण हालविणारा एक आणि नुकसान सोसणारा दुसरा. सर्व तंट्याचें मूळ येथें आहे.

आमच्या जिवती तालुक्याचेंच उदाहरण घ्या. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, तेलंगणाच्या सीमेला लागून, माणिकगडच्या पहाडावरील या मुलुखांत गोंड, कोलाम, बंजारा व मराठवाड्यांतून येऊन राहिलेलीं कुटुंबें शेजारीं नांदतात. कोणाच्या घरांत गोंडी, कोणाच्या कोलामी, कोणाच्या गोरमाटी. शाळेंत मराठी आणि बाजारांत तेलुगुही कानीं पडते. अँड्रॉइडच्या २०१४ सालच्या ५.० या आवृत्तीपासून मोबाइलची भाषा मराठी करितां येते, ही आनंदाची गोष्ट होय. तरी ज्या आजीनें शाळेचें तोंड पाहिलें नाहीं, किंवा जिची घरची बोली मराठी नाहीं, तिला बटणावरील पाटीचा उपयोग तो काय? ती अक्षर वाचीत नाहीं, ती जागा वाचते. वरच्या ओळींत दुसरें तें टॉर्चचें, हीच तिची बाराखडी. तें बटण हालविलें कीं मोठ्या कष्टानें मिळविलेली तिची साक्षरता एका रात्रींत गेली; आणि ती पुन्हां शिकविण्यास कंपनीचा मनुष्य कांहीं पहाड चढून येत नाहीं.

पुन्हां, गरजांचा क्रम पाहा. टॉर्च ही येथें चैनीची वस्तु नव्हे. वीज गेलेल्या रात्रीं किंवा पिकाच्या राखणीस जातांना पायाखालीं साप आहे कीं काटकी आहे हें तीच सांगते. डोंगराआड रेंज गेली म्हणजे विमान मोड क्षणभर चालूं करून पुन्हां बंद करावा लागतो, तेव्हां कोठें टॉवर सांपडतो. ज्यानें जन्मांत विमानांत पाऊल ठेविलें नाहीं, त्यास त्या बटणाची गरज रोज पडते. रिचार्जमध्यें दिवसाचा डेटा ठराविक मिळत असल्यामुळें काम होतांच डेटा बंद करणें ही येथील नित्याची काटकसर आहे. ज्या शहरी घरांत वायफायचें यंत्र बारा महिने भिंतीवर चालूं असतें, तेथें दोन बटणें एक केल्यानें फारसें बिघडत नसेल. परंतु जेथें वायफाय क्वचित् आणि डेटा मात्र रोज मोजून वापरावयाचा, तेथें एका दाबानें होणारें काम दोन दाबांचें झालें. मांडणी करणाऱ्यानें आपल्या घरची गरज तीच जगाची गरज असें मानिलें, हा यांतील दोष आहे.

संगीताच्या बटणांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. येथें पुष्कळांचीं गाणीं मेमरी कार्डांत सांठविलेलीं असतात. कापूस वेंचतांना भजनें, गोंडी गीतें, उपासनेचीं गीतें लागलेलीं ऐकूं येतात. नव्या मांडणींत गाण्याच्या चित्रानें रंगलेली मोठी चौकट येते, आवाज कोणत्या यंत्रांतून काढावा हें विचारणारें बटण येतें, नागमोडी हालणारी रेघ येते. ही शोभा वाईट नाहीं. पण गाणें लावण्यापेक्षां तें थांबविण्याची घाई माणसास अधिक असते. वाटेनें अंत्ययात्रा आली, वडील मंडळी बोलूं लागली, प्रार्थनेची घंटा झाली, अशा वेळीं बोट नेहमींच्या जागीं जातें. तेथें थांबविण्याचें बटण नसलें म्हणजे गाणें तसेंच वाजत राहतें. दोष मांडणीचा, आणि बेअदबीचा बोल मात्र मोबाइल धरणाऱ्यास! ॲपलनें २०१६ सालीं आपला फलक निरनिराळ्या पानांत विभागून संगीताचीं बटणें दुसऱ्या पानावर नेलीं. पुष्कळांस तें रुचलें नाहीं, आणि २०१७ सालीं सर्व बटणें पुन्हां एका पानावर आलीं. २०२४ सालीं पानें परत आलीं खरीं, परंतु या खेपेस काय कोठें ठेवावें हें ठरविण्याची बरीच मोकळीक वापरणाऱ्यास मिळाली. दोन्ही खेपांस पानेंच होतीं. फरक पडला तो अधिकार कोणाच्या हातीं दिला यानें.

आणखी एक मुद्दा आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. बटणानें खरें बोलावें. आयफोनच्या २०१७ सालच्या फलकांत वायफायचें बटण दाबून बंद केलें तरी वायफाय पूर्णपणें बंद होत नसे. चालूं जोडणी तेवढी तुटे, आणि दुसऱ्या दिवशीं सर्व आपोआप पूर्ववत् होई. पुढें तसें सांगणारी सूचना पडद्यावर येऊं लागली, हें ठीक झालें. परंतु होकार व नकार सरळ असावा असा जो उपदेश प्रभूनें पर्वतावरील प्रवचनांत केला, तो माणसांप्रमाणें माणसांनीं घडविलेल्या बटणांसही लागू व्हावा असें आम्हांस वाटतें. बंद म्हणजे बंद आणि चालूं म्हणजे चालूं. यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावांचून ज्यास गत्यंतर नाहीं, त्याच्याशीं अर्धें सत्य बोलणें हें अधिकच गैर होय.

तेव्हां बदल मुळींच नको असें आम्ही म्हणत नाहीं. तो लादूं नये, देऊं करावा, इतकेंच म्हणतों. हें अशक्य नाहीं. शाओमीनें २०२० सालीं नवा फलक आणिला तेव्हां जुना ठेवण्याचीही वाट मोकळी ठेविली. सॅमसंगनें २०२५ सालीं सूचना व बटणें निराळीं केलीं, पण ज्यास पूर्वींप्रमाणें एकत्र हवीं त्यास तीं तशीं ठेवितां येतात. हाच नियम सर्वत्र व्हावा. टॉर्च, डेटा, विमान मोड आणि गाणें थांबविणें यांच्या जागा तरी वापरणाऱ्यास विचारल्याशिवाय हालवूं नयेत. नवी मांडणी चांगली असेल तर लोक ती आपण होऊन घेतील. चांगल्या बियाण्याचा प्रचार शेजारच्या शेतांतलें पीक पाहूनच होतो.

शेवटीं दोन शब्द विद्यार्थ्यांस. कंपन्या सुधारतील तेव्हां सुधारोत. तोंपर्यंत जें आपल्या हातीं आहे तें आपण करावें. अपडेट झाल्यावर घरांतील वडीलधारी मंडळी गोंधळली म्हणजे तुम्हांपैकीं कित्येक हंसतां, आणि मोबाइल त्यांच्या हातांतून घेऊन स्वतःच बटण दाबून मोकळे होतां. यानें त्यांचें काम होतें, पण त्यांची पराधीनता वाढते. त्याऐवजीं शेजारीं बसा. फलकावर बहुधा पेन्सिलीचें चिन्ह असतें. तें दाबलें म्हणजे बटणें पाहिजे त्या क्रमानें लावितां येतात. आजीस कोणतीं बटणें रोज लागतात हें तिलाच विचारा, तीं पहिल्या ओढीस दिसतील अशीं तिच्या ओळखीच्या जागीं आणून ठेवा, आणि ती स्वतःच्या बोटानें दहा वेळां टॉर्च लावी व विझवीपर्यंत तेथून उठूं नका. येत्या सुटींत घरीं गेल्यावर हें काम प्रथम करावें.