मच्छरदाणी मोजली, झोपायची जागा मोजली नाही

मागच्या महिन्यात आमच्या गावात पाहणी झाली. हिवताप टाळायच्या सवयी कुटुंबांनी किती उचलल्या, ते बघायला मंडळी आली होती. मच्छरदाणी आहे का? रोज वापरता का? ताप आला तर आधी कुठं जाता? सगळ्यांनी सांगितलं, आहे, वापरतो, दवाखान्यात जातो. वर्षभर तेच शिकवलं होतं, मग पाहुण्याला दुसरं काय सांगणार! कागदावर खुणा झाल्या, मंडळी गेली.

आता आपसात खरं बोलू. दसऱ्यापासून धान घरी येईपर्यंत निम्मे बाप्ये घरी झोपतच नाहीत. रानडुकरं राखायला जबरानजोतीवर, माळ्यावर. घरात माणसं सात, मच्छरदाण्या दोन. त्या पोरांवर लावल्या, बाप शेतात उघडा. हिवतापाचा डास रात्रीच चावतो, आणि हेच दिवस तापाच्या जोराचे. फवारणी गावातल्या भिंतींवर होते. जोतीवरच्या झोपडीला धड भिंत नाही. बांधावी तर कोणी येऊन मोडील ही भीती. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसतो, २००६ च्या कायद्याखाली दावे टाकले, पट्टा हातात नाही. ज्यांच्या नोंदीत आमची जोतच नाही, त्यांच्या पाहणीत तिथली झोप कुठून येणार?

आमच्याही चुका आहेत. फवारणी झाली की सणाला भिंती सारवतो, औषध मातीखाली जातं. ताप उतरला की गोळ्या सोडतो. एका हिवतापाच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात, कारण जंतू यकृतात दडून बसतो अन् पुन्हा उलटतो. दुसरा मेंदूत चढतो, तो तर थांबूच देत नाही. पुजाऱ्याकडे जायला आमची ना नाही, पण आधी बोटाचं रक्त दाखवा. पट्टी पंधरा-वीस मिनिटांत सांगते. मात्र आशाताईकडची पट्टीच संपली असेल, तर तो दोष आमच्या सवयीत लिहू नका.

म्हणून आमचं म्हणणं, ग्रामसभेनं आपली वही ठेवावी. ताप कोणाला आला, त्याआधीचे पंधरा दिवस तो रात्री कुठं झोपला, रक्त कधी तपासलं, गोळी त्याच दिवशी मिळाली का. लिहिता येणारी पोरं गावोगावी आहेत. पुढची पाहणी येईल तेव्हा वही समोर ठेवू अन् माळ्यामागे एक मच्छरदाणी मागू. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या.